गाडीत जेवणारा जावई

वरठीच्या दवाखान्यात नर्स म्हणून माझी बदली झाली तेव्हा खोली शोधत मी काकांच्या अंगणात जाऊन उभी राहिले. भाडं किती, पाणी कधी येतं, असं काही विचारायच्या आत त्यांनी हातानेच खूण केली आणि मला पत्र्याच्या शेडखाली नेलं. तिथे एक लाल गाडी उभी होती. लांब नाकाची, बसकी, बिनछताची, दोनच माणसं बसतील अशी. दार उघडून ते म्हणाले, "बसा."

मी बसले.

"धरा."

समोरचं स्टेअरिंग मी दोन्ही हातांनी धरलं. आम्ही दवाखान्यात पेशंटची जीभ बघतो तसे ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लय आवळून धरता. भित्र्या आहा तुमी. पण भाडेकरू भित्राच बरा. वरची खोली हाय, पाहून घ्या."

भाडेकरू पारखायची ही त्यांची रीत. माझ्याआधी रेल्वेतला एक चांगला, निर्व्यसनी माणूस खोली मागायला आला होता. त्याने एका हाताने स्टेअरिंग धरलं म्हणून त्याला परत पाठवला. "एका हातानं धरणारा माणूस घराले कुलूप लावाले विसरते," हे त्यांचं कारण. यावर वाद घालायची सोय नव्हती, कारण त्यांना एका कानाने ऐकू येत नसे आणि वाद सुरू झाला की ते तोच कान पुढे करत.

आयुष्यभर लोखंडाच्या कारखान्यात त्यांनी क्रेन चालवली. मी गेले तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. गाव त्यांना 'गाडीवाला बुढा' म्हणे, मी काका म्हणायची. सकाळी उठलं की आधी गाडीला आंघोळ, मग स्वतःला. टॉवेल एकच, पण क्रम ठरलेला. गाडी पुसलेल्या टॉवेलने ते स्वतःचं अंग पुसत. स्वतःचं अंग पुसलेला टॉवेल गाडीला लावणं हा गुन्हा. रविवारी ते गाडी सुरू करून फाटकापर्यंत न्यायचे आणि तशीच मागे आणायचे. स्टेअरिंगवर हात असताना बोलायचे नाहीत. शेजारचं घर पेटलं असतं तरी आधी इंजिन बंद केलं असतं, मग 'आग, आग' म्हणाले असते.

मला सुरुवातीला मजा वाटायची. विक्षिप्त माणसाच्या घरी भाड्याने राहायला मजा येते. त्याच्याशी संसार करणाऱ्या बाईला काय वाटत असेल हे मनात यायला वेळ लागतो.

गाडी त्यांच्या वडिलांना मिळाली होती. वडील नाकाडोंगरीकडच्या एका खाणीवर साहेबाचे ड्रायव्हर. साहेब कायमचा विलायतेला जायला निघाला तेव्हा गाडी त्यांच्या हवाली करून गेला. ही हकिगत काका नेहमी एकाच ठिकाणी येऊन थांबवत. "माह्या आज्याले त्या गावातून जाताना पायातल्या चपला हातात घ्या लागे, सिस्टर. त्याच गावातून माहा बाप ह्या गाडीनं भोंगा वाजवत गेला. हेच स्टेअरिंग धरून. लोक उठून उभे रायले." एवढं बोलून ते स्टेअरिंगचं काळं कडं अंगठ्याने चोळत. हे ऐकलं की त्यांना हसायची माझी इच्छा मरून जायची.

पण त्या गाडीचं दुसरं टोक काकूंकडे होतं.

काकू वैनगंगेकाठच्या एका गावच्या. लग्न गावच्या विहारात लागलं, आणि वरात तिथूनच त्या गाडीतून त्यांना घेऊन आली. त्यानंतर काका जेव्हा जेव्हा सासुरवाडीला गेले तेव्हा गावाबाहेर चिंचेखाली गाडी उभी करून तिच्यातच बसून राहिले. पोट्टे गाडीला हात लावतील, कोणी आरसा मोडेल, ही धास्ती. सासऱ्याने घरी चला म्हणून हात जोडले, मेहुण्याने रात्रभर गाडी राखायची शपथ घेतली, पण हा माणूस खाली उतरला नाही. शेवटी सासू ताट घेऊन चिंचेखाली यायची. जावई गाडीत बसून जेवायचा, गाडीतच चूळ भरून बाहेर टाकायचा. सगळ्या पंचक्रोशीत ही गोष्ट झाली होती. काकू स्वतः ती रंगवून सांगत आणि पदर तोंडाला लावून हसत. मीही हसले होते.

मग गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी आलं. गाव उठलं. भावाचा फोन आला, "बाई, येऊन पाहून जा, आता गाव रायत नाही." काका म्हणाले, गाडीनं नेतो. नेमकं तेव्हा गाडीचं इंजिन खोललेलं होतं. ते जोडून होईपर्यंत गावात पाणी शिरलं. "आमच्या घराचं दार भावानं काढून नेलं," काकू मला एकदा इंजेक्शन घेता घेता म्हणाल्या. "चौकटीसकट. नव्या वसाहतीतल्या घराले तेच लावलं. जुन्या घरी आता नुसत्या भिंती हायेत." दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाची जोती उघडी पडत, आणि भाऊ फोन करून सांगे, आज हिरीचा काठ दिसला, आज विहाराच्या पायऱ्या दिसल्या. काकू फोन ठेवून काकांकडे बघत. काका म्हणत, "नेतो ना."

काकूंना साखर होती. इंजेक्शन मीच देत असे, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांचं आधी मला कळलं. सुईत दोरा जाईना, तांदळातले खडे दिसेनात. मी त्यांना भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. आतून रक्त उतरलं होतं. डॉक्टरांनी करायचं ते केलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की फार आशा धरू नका, यांना काही बघायचं राहिलं असेल तर लवकर दाखवा.

घरी आल्यावर मी ते काकांना जसंच्या तसं सांगितलं, ऐकू येणाऱ्या कानात. त्यांनी नीट ऐकलं. मग उठून शेडमध्ये गेले. त्या दिवसापासून त्यांनी गाडी काकूंच्या गावाकडे, पवनीच्या रस्त्यावर न्यायची तयारी सुरू केली. टायर बदलले, ब्रेक बघितले. मला वाटलं, चला, माणूस जागा झाला.

आणि स्टेअरिंग मोडलं.

मोडणारच होतं. आमच्याकडच्या उन्हात माणसाची कातडी सोलून निघते, तिथे त्या जुन्या काळ्या कड्याचं काय. त्याला भेगा आधीच होत्या, काकांनी त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली होती. एका रविवारी फाटकाशी वळवताना कडं आतल्या लोखंडासकट तुटलं. मेकॅनिक आला. सरळ माणूस होता. म्हणाला, "काका, हे काही कामाचं नाही आता. ट्रॅक्टरचं चाक लावून देतो. दांडी चांगली हाय, बसून जाईन."

"ट्रॅक्टरचं?" काका म्हणाले. "साहेबाच्या गाडीले?"

मेकॅनिक हसला. काकांनी त्याला फाटकाबाहेर काढला.

त्यानंतर अख्खा उन्हाळा ते अस्सल स्टेअरिंग शोधत राहिले. नागपूरचा भंगारबाजार पालथा घातला. कुणाच्या तरी पुतण्याकडून मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा पत्ता काढला. त्याने पाठवलेलं चाक आलं, तर त्याचे आरे जाड होते. आपल्या गाडीचे आरे सतारीच्या तारांसारखे बारीक, एकेका बाजूला चार-चार. परत पाठवलं. मी म्हटलं, "काका, जीप सांगते मी. सकाळी जाऊ, संध्याकाळी परत."

"किरायाच्या गाडीत जावई सासुरवाडीले जाते का?"

"सासुरवाडी पाण्यात आहे काका. कोण बघायला बसलंय?"

त्यांनी न ऐकू येणारा कान पुढे केला.

मग मी काकूंना धरलं. म्हटलं, भावाला बोलवा, तो मोटारसायकलवर घेऊन जाईल. मी येते सोबत. काकू मेथी निवडत होत्या, म्हणजे पानं बोटांनी चाचपत होत्या. म्हणाल्या, "ते म्हंतेत ना, नेतो. मंग मी दुसऱ्यासंग गेली तं त्यायले कसं वाटन?"

"आणि तुम्हाला?"

"मले काय. इतके दिवस गेले, अजून थोडे."

खरं सांगते, मला त्यांचा संताप आला. नवऱ्याचा जितका आला तितकाच. नवऱ्याचा मान सांभाळायला स्वतःचे डोळे द्यायचे, ही कुठली रीत? तसं मी बोललेही. काकूंनी माझ्या आवाजाच्या दिशेने बघितलं आणि "चहा ठेवू का?" म्हणाल्या. पाऊस लागला, पाणी चढलं. काका म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात.

पुढचा उन्हाळा वाढईचा. गावात बैलगाड्यांची चाकं करणारा एक म्हातारा वाढई अजून हात चालवत होता. मोडकं स्टेअरिंग घेऊन काका त्याच्याकडे गेले आणि त्याला पटवलं की मधला भाग आणि तारेचे आरे साहेबाचेच राहतील, फक्त बाहेरचं कडं लाकडी करायचं. वाढईने आयुष्यभर जे केलं तेच केलं. तिवसाच्या लाकडाचे वाकडे तुकडे कोरले, एकात एक खोबणीत बसवले आणि कडं तयार केलं. दिसायला फार देखणं झालं होतं. काकांनी तेल पाजून पाजून ते चमकवलं. काकूंच्या हातात दिलं, तेव्हा काकूंनी त्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "गुळगुळीत झालं." त्यांना त्याचा रंग दिसला नाही हे मला दिसलं.

गाडीला लावून काकांनी ते वळवलं. सांधे उघडले. एक तुकडा त्यांच्या मांडीवर पडला.

वाढई म्हणाला, "धाव कुठं हाय? धाव नाही तं चाक उभं कसं रायन?" बैलगाडीच्या चाकावर लोखंडी पट्टी चढवतात ती धाव. लाल होईपर्यंत तापवून चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळे सांधे घट्ट होतात. पिढ्यान्‌पिढ्या चाकं अशीच झाली. दोघा म्हाताऱ्यांना यात काहीही वावगं वाटलं नाही. लोहाराकडून बारीक पट्टी आणली. अंगणात शेणाच्या गोवऱ्या रचून ती तापवली. शेजारपाजारचे बघायला जमले. काकूंना खुर्ची दिली होती, त्या धुराकडे तोंड करून बसल्या होत्या.

धाव चढली. वाढईने बादली ओतली. वाफेचा लोट उठला आणि त्यातून कटकट असे आवाज आले. बैलगाडीचे आरे मनगटाएवढे असतात, ते दाब सोसतात. हे तारेचे होते. लोखंड आकसलं, कडं आत दबलं आणि साहेबाच्या चाकाचे सगळे आरे एकामागून एक वाकले. वाफ विरली तेव्हा मधला भाग उलट्या वाटीसारखा वर आला होता. पाणी ओतायचं थांबवा असंही कोणी म्हटलं नाही, इतक्या लवकर ते झालं.

"झालं का?" काकूंनी विचारलं.

वाढई आपली हत्यारं गोळा करू लागला. काकांनी ते गरम चाक तसंच हातात घेतलं. त्यांचे दोन्ही तळवे भाजले. मलम मीच लावलं. माझ्या तोंडून जे निघालं असतं ते भाजलेल्या माणसाला बोलायचं नसतं, म्हणून मी पट्ट्या बांधत राहिले.

त्यानंतर ते ओसरीवर चेमटलेलं चाक मांडीवर घेऊन बसून राहायचे. पट्ट्या बांधलेल्या हातांनी ते थोडं डावीकडे वळवायचे, थोडं उजवीकडे. भावाचा फोन आला, हिरीचा काठ दिसून राहिला. काकूंनी तो काकांना सांगितलासुद्धा नाही. मला मात्र सांगितला.

आणि मग एका दुपारी काकू कपडे वाळत घालायला अंगणात निघाल्या. काकांनी गाडी धुवायला म्हणून शेडमधून थोडी बाहेर ढकलून ठेवली होती. काकू सरळ चालत गेल्या आणि गाडीवर आदळून पडल्या. मी धावले. गुडघा फुटला होता. काकाही आले, पण त्यांनी काकूंना उचललं नाही. ते गाडीकडे बघत होते, मग काकूंकडे.

"तुले गाडी नाही दिसली?"

"नाही ना."

"लाल हाय ते. उन्हात हाय." त्यांचा आवाज चिरका झाला होता. "लाल तं दिसते ना तुले?"

काकू म्हणाल्या, "मले आता लाल-पिवळं काही नाही दिसत. उजेड दिसते थोडा. तुमाले सांगितलं नाही, तुमी आपल्या कामात होते."

त्या गाडीकडे कुणाचंही लक्ष गेलं नाही असं काकांच्या आयुष्यात कधी घडलं नसेल. ते पाय ओढत फाटकातून बाहेर गेले आणि मेकॅनिकला घेऊन आले. मेकॅनिकने मधली फट भरायला दांडीवर एक लोखंडी बुश बसवला आणि ट्रॅक्टरचं काळं, थोराड चाक तिच्यावर चढवून नट आवळला. काका पाठ करून उभे होते. त्या नाजूक गाडीत ते चाक असं दिसत होतं, जसा लहान मुलीच्या पायात बापाचा जोडा. पण गाडी वळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गाडीत दोघांचीच जागा, म्हणून मी माझ्या स्कूटीवर मागे. काकूंनी ठेवणीतलं, विहारात जायचं पांढरं लुगडं नेसलं होतं. भंडाऱ्यातून जाताना लोकांनी मोबाईल काढून फोटो घेतले. काकांनी कुणाकडे बघितलं नाही. पवनीच्या रस्त्याला लागल्यावर काकू काहीतरी विचारताना मला मागून दिसत होत्या. काका उत्तर देत नव्हते. स्टेअरिंगवर हात होते.

रस्ता संपून गाळाचं माळरान लागतं तिथे त्यांनी गाडी थांबवली. चिंच कधीच वाळून गेली होती, तिचं काळं खोड उभं होतं. सवयीने त्यांनी गाडी त्याच खोडाशी लावली. समोर उतारावर चिखलातून गाव वर आलं होतं. गाव म्हणजे काय, ओळीने जोती, गुडघाभर भिंती, एक विहीर, चार पायऱ्या. पलीकडे पाणी. मी स्कूटी लावून त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"आलो का?" काकूंनी विचारलं.

"आलो."

"सांगा ना मंग. काय दिसते? आमचं घर दिसते का?"

काका समोर बघत राहिले. या जोत्यावरून त्या जोत्यावर त्यांची नजर फिरत होती. तेव्हा मला कळलं. त्यांना माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत त्या घरात त्यांनी एकदाही पाय ठेवला नव्हता. कुठलं घर, विहिरीच्या अलीकडचं की पलीकडचं, त्यांना काय ठाऊक? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तरी काय सांगणार होते?

"दिसते," काका म्हणाले.

"कसं हाय?"

"चांगलं हाय." मग काहीतरी अधिक सांगायला हवं असं त्यांना वाटलं असावं. "दार उघडं हाय."

काकूंनी मान त्यांच्याकडे वळवली. भावाच्या नव्या घराला लागलेलं ते दार माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि काकूंच्याही मनात ते आलं नसेल हे शक्य नव्हतं. त्या काही रागावल्या नाहीत. मग हळू म्हणाल्या, "असं उघडं कायले ठेवलं? जाऊन लावून या ना. एकडाव उतरा खाली."

काका उतरले. गाडी सोडून, दार तसंच टाकून, उतारावरून चिखलात चालत गेले. एका जोत्याजवळ थांबले, मग दुसऱ्याकडे वळले, मग मधेच उभे राहिले. कुठल्या घरासमोर उभं राहायचं तेही त्यांना ठरवता येत नव्हतं.

काकूंनी हात पुढे केला. चाचपत चाचपत त्यांना स्टेअरिंग सापडलं. लग्न झाल्यापासून गाडीत बसून त्यांनी त्याला हात लावल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या त्याच्या कडेने बोटं फिरवत राहिल्या, पूर्ण गोल, पुन्हा सुरुवातीला येईपर्यंत.

"केवढं जाड हाय," त्या म्हणाल्या. "हे लावाले किती वेळ लागला, सिस्टर?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिथे आधीच एक खोटं होऊन गेलं होतं.

"तासभर," मी म्हटलं.

"तासभर," त्या म्हणाल्या.

काका परत येत होते. पायांना घोट्यापर्यंत गाळ लागला होता. गाडीपासून थोड्या अंतरावर ते थांबले, वाकून त्यांनी पायातल्या चपला काढल्या, आणि गाडी खराब होऊ नये म्हणून त्या हातात धरून अनवाणी जवळ आले.

"लावलं दार," ते म्हणाले.

"बरं केलं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी स्टेअरिंगवरचा हात काढून मांडीवर ठेवला.